अबोलीचं रोप लावल्यावर माना टाकतं: कारण शोधायचं कसं

नर्सरीतून किंवा शेजारणीकडून अबोलीचं छान टवटवीत रोप आणायचं, हौसेनं अंगणात लावायचं आणि आठ-पंधरा दिवसांत ते वाळून गेलेलं बघायचं. गोव्यात ही तक्रार इतकी नेहमीची आहे की पुष्कळ जणींनी "आमच्या मातीत अबोली होतच नाही" असं ठरवूनच टाकलंय. फोंड्याकडे आमच्या वाड्यावर अशी मरायला टेकलेली रोपं गेली कित्येक वर्षं माझ्याकडे येतात, आणि मी जाऊन त्यांचे खड्डेही बघते. इथल्या मातीत अबोली उत्तम होते. मूळची ती दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडचीच, ऊब आणि दमटपणा तिला मानवतो. तिला मानवत नाही ते मुळांशी साचून राहिलेलं पाणी. नव्यानं लावलेली जी रोपं जातात, त्यांतली बहुतेक रोगानं जात नाहीत, लावण्यातल्या आणि पाण्यातल्या चुकांनी जातात. म्हणून औषधाच्या दुकानात जायच्या आधी पुढच्या गोष्टी याच क्रमानं तपासा. पहिल्या काहींना एक पैसाही लागत नाही.

रोप काय सांगतंय ते आधी बघा

रोप एकदा दुपारी दोनला बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला. हे दोन वेळचं बघणं सगळ्यांत महत्त्वाचं.

दुपारी पानं लोंबतात, पण सकाळी परत ताठ होतात: मुळं अजून नव्या मातीत शिरलेली नाहीत. रोप उपटताना किंवा पिशवी फाडताना मुळांवरची बारीक केसमुळं तुटतात, आणि पाणी खरं ओढतात ती तीच. नवी यायला आठ-दहा दिवस लागतात. तोपर्यंत वरून उडणारं पाणी खालून भरून निघत नाही, एवढंच. हे रोप वाचतं.

सकाळीही लोंबलेलीच आहेत आणि माती ओली आहे: मुळं गुदमरली आहेत किंवा कुजू लागली आहेत. इथे आणखी पाणी घातलं की रोप गेलंच समजा, आणि नेमकं हेच सगळ्या घरांत होतं. पान लोंबलं की हात तांब्याकडे जातो.

सकाळीही लोंबलेलीच आणि माती कोरडी: तहान. पण "माती कोरडी" हे वरवर बघून ठरवू नका, त्याबद्दल पुढे सांगते.

पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्या आहेत: खत जास्त झालं, कच्चं शेण पडलं किंवा पाणी खारं आहे.

नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या: लोह मिळत नाहीये. घराच्या भिंतीलगत लावलेल्या रोपांत हे हमखास दिसतं.

लावल्यावर दोन-तीन महिने बरं होतं, मग वाढ खुंटली, पानं लहान आणि फिकट येऊ लागली, एकेक रोप जाऊ लागलं: सूत्रकृमींचा (मुळांत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींचा) संशय घ्या. अबोलीची खरी वैरीण तीच.

बाकी रोप हिरवं असताना एकच फांदी किंवा एकच बाजू वाळली: मर रोगाची बुरशी खोडातल्या नळ्यांत शिरली असण्याची शक्यता आहे.

बोट आणि हीर

पहिली तपासणी बोटानं. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. गार आणि ओलसर लागलं, पण बोटाला चिखल चिकटला नाही, तर वाफसा आहे आणि पाणी नको. चिखल लागला तर पाणी बंद.

हे झालं खड्ड्यातल्या मातीचं. आता नारळाच्या चुडताची हीर घ्या आणि रोपाच्या बुडाशी, पिशवीतून आलेल्या मातीच्या हुंडीत खुपसा. पुष्कळदा इथे आश्चर्य वाटतं: बाहेरची माती ओलीचिंब आणि हुंडी आतून कोरडी ठणठणीत. नर्सरीवाले पिशवीत बहुतेक चिकट तांबडी माती भरतात. ती एकदा सुकली की दगडासारखी आवळते. आपण खड्ड्यात भुसभुशीत खतमाती भरलेली असते, त्यामुळे घातलेलं पाणी सोपी वाट धरून हुंडीच्या कडेनं खाली निघून जातं. मुळं सगळी हुंडीत, पाणी सगळं बाहेर. रोज दोन वेळा पाणी घालून रोप तहानेनं मरतं ते असं.

यावर उपाय सोपा आहे. रोप हुंडीसकट अलगद काढा, बादलीभर पाण्यात हुंडी पूर्ण बुडेल असं ठेवा आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत वाट बघा. मग निथळू द्या आणि परत लावा. नवीन रोप लावतानाही पिशवी फाडायच्या आधी हेच करावं. मुळं हुंडीभोवती गोल गोल फिरलेली असतील तर हुंडीच्या कडेला तीन-चार ठिकाणी उभा चिरा द्या आणि बोटांनी टोकं थोडी मोकळी करा. गोल फिरलेली मुळं आपणहून बाहेरच्या मातीत शिरत नाहीत, पिशवी काढली तरी पिशवीच्याच आकारात वाढत राहतात.

मान गाडली गेली आहे का

खोड आणि मुळं जिथे मिळतात, त्या जागेला मी रोपाची मान म्हणते. ती मातीच्या वर दिसली पाहिजे. बोटानं बुंध्याभोवतीची माती बाजूला करत जा. पहिलं आडवं मूळ लागेपर्यंत बोटभर किंवा जास्त माती काढावी लागली, तर रोप खोल लावलंय.

"खोल लावलं की घट्ट बसतं" ही समजूत फार पक्की आहे, आणि घाटावरच्या कोरड्या हवेत त्यानं फारसं बिघडतही नसेल. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मातीत गाडलेली खोडाची साल त्या काळात कधी सुकतच नाही. साल मऊ पडते, बुरशी तिथूनच आत शिरते आणि रोप मानेशी कुजून आडवं होतं.

साल अजून हिरवट आणि घट्ट असेल तर माती बाजूला ओढून मान उघडी करा. पण आजूबाजूची जमीन उंच आणि रोप खळग्यात, असं करू नका, नाहीतर पाणी तिथेच जमेल. सगळं रोप हुंडीसकट उचलून खाली माती भरून घेणं जास्त चांगलं. वरची कड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन बोटं उंच राहू द्या, कारण भरलेली माती पहिल्या जोरदार पावसात बसतेच.

मानेभोवती पांढरे बुरशीचे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती वेगळी भानगड आहे. रोप आणि त्याच्या बुडाची ओंजळभर माती पिशवीत घालून कचऱ्यात टाका. खतखड्ड्यात मुळीच नको. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात.

घर कौलारू असेल तर अजून एक बघा: रोप पागोळीच्या रेघेवर तर नाही ना? पागोळी एका ठिकाणी सतत पडून माती उकरते. कुठे मुळं उघडी पडतात, कुठे उडालेला चिखल मानेवर थापला जातो. अंगण नीट दिसावं म्हणून अबोली नेमकी पायरीच्या कडेला, त्याच रेघेवर लावतात. हातभर पुढे सरकवली की काम होतं.

खड्ड्यात पाणी ओतून बघा

इतकं सगळं ठीक असूनही रोप सुधारत नसेल तर ही तपासणी करा. मला विचाराल तर रोप लावायच्या आधीच ती करायला हवी, कारण गोव्यातल्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ मला इथेच सापडलंय.

आपल्या अंगणांत वर वीतभर तांबडी माती आणि खाली चिरा, म्हणजे जांभा दगड, अशी जमीन खूप ठिकाणी असते. आपण पहारीनं चिऱ्यात हातभर खड्डा घेतो, त्यात उत्तम खतमाती भरतो आणि खूश होतो. पण हा खड्डा म्हणजे भोक नसलेली कुंडी. चिरा काही ठिकाणी सच्छिद्र असतो, पाणी पितो. काही ठिकाणी मात्र त्याचा थर इतका घट्ट असतो की आजूबाजूच्या अंगणातलं पाणी त्या मऊ मातीत उतरतं आणि तिथेच थांबतं. जुलैमध्ये मुळं अक्षरशः पाण्यात उभी असतात. मुळांना श्वास घ्यायला हवा लागते. ती संपली की बारीक मुळं आधी मरतात, आणि मुळंच नाहीत म्हणून पाण्यात उभं असलेलं रोप वर वाळतं.

तपासायचं असं: रोपाच्या शेजारी, त्याच जमिनीत, ३० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या. काठोकाठ पाणी भरा आणि जिरू द्या. मग दुसऱ्यांदा भरा. पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते, त्यावरून काही कळत नाही. दुसऱ्या वेळी काडी उभी करून पातळीची खूण करा आणि तासाभरानं बघा. पाणी तासाला २-३ सेंटिमीटर तरी उतरायला हवं. त्याहून कमी उतरत असेल तर ती जागा पावसाळ्यात अबोलीला पेलणार नाही.

अशा वेळी खड्डा आणखी खोल करू नका. खाली खडी घालूनही उपयोग नाही, पाणी जायला वाटच नसेल तर खडीतही तेच साचणार. खाली न जाता वर या. २० ते ३० सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करा, कडेला चिऱ्याचे तुकडे किंवा नारळाची सोडणं लावा. दोन भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड रेती असं मिश्रण मला मानवलंय. रेती समुद्राची नको, मीठ असतं. अबोलीची मुळं काही फार खोल जात नाहीत, एवढी उंची तिला पुरते. दोन रोपांत ३० ते ४० सेंटिमीटर आणि दोन ओळींत ६० सेंटिमीटर अंतर ठेवा, म्हणजे पावसाळ्यात वारा खेळतो.

खड्ड्याची तपासणी एप्रिल-मेमध्ये करताना जमीन आधीपासूनच ओली सापडली, वासही येत असेल, तर सोक पिट किंवा सेप्टिक टाकी झिरपत नाही ना ते बघून घ्या. ते काम प्लंबरचं किंवा गवंड्याचं. तिथे फूलझाडांचं पुढे बघू, आधी विहीर किती लांब आहे ते बघा.

लावायची वेळ

पावसाच्या पहिल्या सरी आल्या की सगळ्यांचे हात लावणीसाठी शिवशिवतात. भाजी, केळी, माडाचे कवाथे यांना ती वेळ ठीक. अबोलीची नवी रोपं मात्र भर आषाढात जमिनीत लावू नयेत असं माझं ठाम मत आहे. सांजावाच्या सणाच्या, म्हणजे जूनअखेरीच्या सुमारास लावलेलं रोप मूळ धरायच्या आतच सततच्या पावसात सापडतं. जून-जुलैत रोप मिळालंच तर पिशवीत किंवा कुंडीत, ओसरीच्या उजेडात सांभाळा. चवथ (गणेशचतुर्थी) झाली, पावसाचा जोर ओसरला, मधूनमधून ऊन पडू लागलं की लावा. त्यानंतर थंडीचे महिने मिळतात आणि रोप फेब्रुवारीपर्यंत पक्कं होतं. मूळ धरल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांत कणसं, म्हणजे फुलांचे तुरे, येऊ लागतात.

जुन्या झाडाखाली आपोआप उगवलेली रोपं उचलायची असतील तर थोडं वेगळं. अबोलीची सुकलेली बोंडं पावसाचं पाणी लागलं की तडकतात आणि बी लांब उडतं, म्हणून जूनमध्ये आईच्या आसपास पिलावळ दिसते. चार-सहा पानं आली की उलथन्यानं मातीसकट उचला. शेंडा धरून उपटलेलं रोप केसमुळं मागे ठेवून येतं. नर्सरीतली "दिल्ली" अबोली मात्र बी धरत नाही, ती छाटकलमानंच करावी लागते, तेव्हा तिच्याखाली रोपं शोधू नका.

लावणी संध्याकाळी करा. असलेली कणसं खुडून टाका. फुलं बघत राहावंसं वाटतं हे मला समजतं, पण मुळं नसताना फुलं पोसायला रोपाकडे काही नसतं. दुपारच्या उन्हाच्या बाजूला एक सुकं चुडत तिरकं खोचून आठ-दहा दिवस सावली द्या. मग काढा, कायमची सावली नको. माडाखालची विरळ सावली अबोलीला चालते. आंबा-फणसाखाली ती जगते, पण फुलत नाही, आणि त्या झाडांची मुळं तिच्या वाट्याचं सगळं ओढून घेतात.

खत, पाणी आणि भिंतीचा चुना

नव्या रोपाला पहिला महिनाभर रासायनिक खत देऊ नका. युरियाची चिमूट मुळांशी पडली तरी कोवळी मुळं करपतात. ताजं शेण हे दुसरं. ते मातीत कुजताना तापतं, अमोनिया सुटतो, आणि हुमणीच्या अळ्या आयत्याच येतात. शेणखत पूर्ण कुजलंय की नाही हे मुठीत धरून बघा: शेणाचा वास न येता पावसाच्या मातीचा वास यायला हवा आणि मूठ उघडल्यावर ते मोकळं व्हायला हवं. कडा करपलेल्या रोपाचं खत वरून उकरून काढा, दोन-तीनदा भरपूर साधं पाणी सोडा आणि मग आठवडाभर हात लावू नका. हे अर्थातच पाणी निचरणाऱ्या जमिनीत.

खाजणाजवळ, नदीकाठी किंवा किनाऱ्यालगत घर असेल तर विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये खारं होतं. पावसाळ्यात छान वाढलेली अबोली उन्हाळ्यात कडेनं करपत असेल तर पहिला संशय पाण्यावर घ्या. तेवढे दोन महिने नळाचं पाणी द्या, तेही आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं.

भिंतीलगतच्या रोपांची पिवळी पानं: तिथल्या मातीत बांधकामाचा गिलावा, सिमेंट, चुना मिसळलेला असतो. गोव्याची माती बहुतेक आम्लच, पण त्या दोन फुटांच्या पट्ट्यात सामू (पीएच) वर चढतो आणि मातीत असलेलं लोहसुद्धा मुळांना मिळेनासं होतं. रोप भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे घ्या. आणि "तांबड्या मातीला चुना घालावा" हे कुणी सांगितलं म्हणून माती न तपासता चुना घालू नका. भाताच्या शेताला दिलेला सल्ला अबोलीच्या वाफ्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

आता उपटून मुळं बघा

इथवर काही सापडलं नसेल तर सगळ्यांत आजारी रोप बळी द्यावं लागेल. मेलेलं नको, आजारी पण जिवंत असलेलं घ्या. मेलेल्या रोपाची मुळं काहीच सांगत नाहीत. कुदळीनं सगळीकडून माती सैल करा, मुळं अलगद बाहेर काढा आणि बादलीत हलवून धुवा. नळाखाली धरू नका, बारीक मुळं तुटतात. मग पांढऱ्या कागदावर पसरा.

निरोगी मुळं पांढरट-फिकट आणि चिवट असतात. काळपट, दोन बोटांत धरून ओढल्यावर साल मोज्यासारखी निघून येणारी मुळं म्हणजे कूज. म्हणजे परत निचऱ्याकडे जा.

मुळांवर गाठी दिसल्या तर नखानं एक गाठ काढून बघा. चवळी-भुईमुगाच्या मुळांवरच्या चांगल्या गाठी नखानं सुट्या होतात. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण मूळच तिथे सुजलेलं असतं. हे कृमी डोळ्यांना दिसत नाहीत. ते मुळात राहून अन्न शोषतात, उबदार मातीत साधारण महिन्याभरात त्यांची नवी पिढी तयार होते, आणि त्यांनी पाडलेल्या जखमांतून मरीची बुरशी आत जाते. अबोलीत हे दोघं जोडीनं येतात, म्हणून एकट्या बुरशीनाशकानं रोप वाचत नाही आणि लोक म्हणतात औषध बनावट होतं. अजून एक: अबोलीवर येणारी एक सूत्रकृमी गाठी करत नाही, मुळांवर नुसते तपकिरी चट्टे पाडते. तेव्हा गाठी नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नका.

त्या वाफ्यात आधी काय होतं ते आठवा. वांगी, टोमॅटो, भेंडी यांच्या मुळांतही हेच गाठीवाले कृमी राहतात. परसातला भाजीचा वाफा रिकामा झाला म्हणून तिथे अबोली लावली, आणि दोन-तीन महिन्यांत ती खुंटत गेली, अशी गोष्ट मी पुन्हा पुन्हा बघते. कृमी स्वतः फार लांब जात नाहीत. आपणच त्यांना कुदळीच्या मातीतून, वाहत्या पाण्यातून आणि नर्सरीच्या पिशवीतून घेऊन जातो. म्हणून नवी पिशवी फाडल्यावर हुंडीबाहेर आलेली मुळं आधी बघा. गाठी असतील तर ते रोप परत करा, कितीही फुललेलं असलं तरी.

गाठी निघालेला वाफा एका हंगामासाठी अबोलीला बंद. त्याचं वेळापत्रक मी असं ठेवते. एप्रिलच्या मध्यावर सगळी मुळं वेचून काढायची, वाफा खणून पाणी द्यायचं, वर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरून कडा मातीत गाडायच्या आणि चार ते सहा आठवडे उन्हात तापू द्यायचं. काळं प्लॅस्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. यानं वरचे १०-१५ सेंटिमीटर चांगले शुद्ध होतात, खोलवरचे कृमी राहतात. म्हणून पाऊस स्थिरावला की त्याच वाफ्यात दाट झेंडू. झेंडूच्या मुळांतून निघणारं द्रव्य या कृमींना मारक असतं. पण वाफाभर दाट झेंडू दोन-तीन महिने उभा राहायला हवा. अबोलीच्या चार रोपांत शोभेला एक झेंडू लावून काही होत नाही. दसऱ्याला फुलं तोडायची, झाडं कापायची, मुळं मातीतच ठेवायची. मग चौरस मीटरला पाव किलो निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा मिसळलेलं शेणखत घालून दोन-तीन आठवडे ओल राखायची आणि त्यानंतर अबोली. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच, आपल्या बाजूची. तेव्हा बोर्डो मिश्रण किंवा दुसरं तांब्याचं औषध त्याच सुमारास ओतलंत तर तीही मरेल. मध्ये पंधरा दिवस तरी जाऊ द्या.

खोड चिरून बघा

उपटलेल्या त्याच रोपाचं खोड जमिनीपासून चार बोटांवर ब्लेडनं तिरकं कापा. आतलं लाकूड पांढरट-हिरवट असेल तर ठीक. सालीच्या आत तपकिरी कडं दिसलं तर तो बहुधा मर रोग. ते रोप आता कोणत्याही फवारणीनं परतणार नाही, कारण बुरशी आत आहे आणि फवारा बाहेर. त्याच्या फांद्यांची छाटकलमंही करू नका. ब्लेड आणि कुदळ धुऊन उन्हात वाळवा, मगच दुसऱ्या वाफ्याला लावा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

निचरा सुधारला, मान उघडी केली, तरीही त्याच जागी पुढची रोपंही गेली, तर तिथे आणखी रोपं लावत राहू नका. खोडात तपकिरी कडं दिसलं, मुळांवर चट्टे आहेत पण गाठी नाहीत, किंवा अबोलीबरोबर शेजारची वेगळ्या जातीची झाडंही वाळत आहेत, या तिन्ही वेळी घरच्या तपासणीनं नक्की कारण कळत नाही. सूत्रकृमी कोणती आणि किती, हे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतं. आणि सूत्रकृमीसाठी म्हणून दुकानदार जी दाणेदार कीटकनाशकं पुढे करतात, ती कृषी अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय अंगणात टाकू नका. ती फार विषारी असतात. त्याच अंगणात मुलं खेळतात, कोंबड्या चरतात, आणि ते फूल आपण केसांत माळतो, देवाला वाहतो.

आपल्या तालुक्याचं विभागीय कृषी कार्यालय ही पहिली पायरी. उत्तर गोव्याचं कृषी विज्ञान केंद्र जुन्या गोव्यात आहे, दक्षिणेचं मडगावला, आणि जुन्या गोव्यात एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. जायच्या आधी फोन करून नमुना कोणत्या दिवशी घेतात ते विचारा.

नमुना नीट नेला तरच उत्तर नीट मिळतं. मेलेल्या रोपाखालची माती नको, मरू लागलेल्या रोपाच्या मुळांलगतची घ्या, वरचा कोरडा थर बाजूला करून १० ते १५ सेंटिमीटर खोलीवरची. चार-पाच जागची एकत्र करून पाव किलोभर पुरे, त्यातच मूठभर बारीक मुळं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. उन्हात ठेवू नका, वाळवू नका, गाडीच्या डिकीत तर मुळीच नको, कारण कृमी मेले की प्रयोगशाळेला काही सापडत नाही. सामू तपासायची माती वेगळ्या पिशवीत. सोबत चिठ्ठीवर लिहा: रोप कधी लावलं, कुठून आणलं, त्या जागी आधी कोणती भाजी होती, पाणी विहिरीचं की नळाचं, आणि आतापर्यंत कोणतं खत-औषध घातलं. सकाळ-दुपारचे दोन फोटोही मोबाईलमध्ये असू द्या, अधिकारी पहिल्यांदा तेच मागतात.